तोलून-मापून : विकत कशाला आणायचं?

गेल्या अंकात मी तुम्हाला विचारलं होतं, परवडत असूनही कुठली रोजची वस्तू तुमच्या घरात काही केल्या विकत घेतली जात नाही? आलेल्या पत्रांवरून दिसतंय की अशी वस्तू नसलेलं घरच नाही. सोललेला लसूण, इडलीचं तयार पीठ, भेटवस्तूवर गुंडाळायचा चकचकीत कागद, कढीपत्ता, विमानतळावरचा चहा, पायपुसणं. एका काकांनी तर तीस वर्षांत कंगवा विकत घेतलेला नाही असं अभिमानाने कळवलंय. डोक्यावर केस किती उरलेत ते मात्र कळवलेलं नाही.

नव्या वाचकांसाठी सांगते, मी वजनमापे खात्यात निरीक्षक होते, आता निवृत्त. त्यामुळे उत्तरांत काटा, शिक्का आणि छापील किंमत येणारच. पत्रांपैकी ज्यांवरून घरात खरोखर भांडण चाललंय, ती आधी घेतली आहेत.

प्रश्न : ताई, माझे सासरे चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. कराडहून आमच्याकडे एसटीने एकटे येतात. पाण्याची बाटली विकत घेणं त्यांना अजिबात मान्य नाही. ‘पाणी काय विकायची वस्तू आहे?’ म्हणतात. घरून बाटली भरून आणतात, ती पुण्याच्या अलीकडेच संपते, मग स्थानकावरच्या नळाचं पाणी. हॉटेलात वेटरने ‘बिसलेरी की साधं?’ विचारलं की एवढ्या मोठ्याने ‘साधं!’ म्हणतात की आमच्या ह्यांना मेल्याहून मेल्यासारखं होतं. गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे आले ते जुलाब घेऊनच आले. तीन दिवस आडवे होते. तरी ऐकत नाहीत. त्यांना कसं समजावू?
— एक सून, कोपरखैरणे

उत्तर : हॉटेलातला भाग आधी निकालात काढू. ‘साधं’ म्हणण्यात लाज कसली? ताटाबरोबर पाणी येतं ही आपल्याकडची रीत आहे, आणि जे हॉटेल आपल्या नळाच्या पाण्याची खात्री देऊ शकत नाही त्याच्या आमटीची खात्री कोण देणार? शिवाय तिथल्या बाटलीला छापील किमतीचं बंधनही उरत नाही. बसून खाण्यात जागा, पंखा, वाढपी असं सगळं धरलेलं असतं, म्हणून हॉटेलवाले छापील किमतीपेक्षा जास्त लावू शकतात, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिलाय. तेव्हा सासऱ्यांना म्हणावं, अजून मोठ्याने म्हणा.

दुकानात मात्र तसं नाही. टपरी असो की स्थानकावरचा स्टॉल, छापील किमतीत सगळे कर आले, आणि तिच्यावर एक पैसा घेता येत नाही. ‘थंड करायचे पाच रुपये’ हा प्रकार मी नोकरीत असताना पावलोपावली पाहिला. दुकानदार इतक्या सहज सांगतो की गिऱ्हाइकाला तो नियमच वाटतो. कुणी मागितलेच तर बिल मागा, आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर कळवा. एसटीच्या स्थानकांवर महामंडळाचं ‘नाथजल’ मिळतं. रेल्वेचं ‘रेल नीर’ तर २२ सप्टेंबर २०२५ पासून पंधराचं चौदा रुपये लिटर झालंय. लुबाडणूक म्हणावी असे हे भाव नाहीत.

आता जुलाब. इथे सासऱ्यांची बाजू मी घेणार नाही. तीन दिवस आडवे होते तेव्हा रजा कोणी टाकली, डॉक्टरचं बिल कोणी भरलं, हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण मला अंदाज आहे. चौदा-पंधरा रुपये त्यांनी वाचवले आणि खर्च तुमच्या नावावर पडला.

त्यांचा राग पाण्यावर नाही, पाण्याला किंमत लावण्यावर आहे. त्यांच्या वयाच्या माणसाला मी तो सोडायला सांगणार नाही. त्यांना एक काम द्या. सार्वजनिक पाण्याच्या टाकीवर बऱ्याच ठिकाणी ‘टाकी धुतल्याचा दिनांक’ रंगवलेला असतो. तो वाचूनच नळाला तोंड लावायचं. दिनांक गेल्या वर्षीचा असेल किंवा नसेलच, तर त्या नळाचं पाणी प्यायचं नाही, बाटली घ्यायची. आणि घेताना तिचं झाकण सीलबंद आहे ना, एफएसएसएआय या अन्नसुरक्षा खात्याचा परवाना क्रमांक आहे ना, तेही बघायचं. ‘बाटली घ्या’ म्हटलं की ते ऐकणार नाहीत. ‘टाकी तपासा’ म्हटलं की ऐकतील, शिवाय डेपो मॅनेजरला दोन शब्द सुनावूनही येतील. पेट्रोल पंपावर पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह फुकट द्यावंच लागतं, हेही सांगून ठेवा. गाडीने गेलात तर उपयोगी पडेल.

प्रश्न : आम्ही दोघंही नोकरी करतो, घरात चार माणसं. मला घरी यायला सात वाजतात, आल्या आल्या पोळ्या. कोपऱ्यावर आता पोळी-भाजी केंद्र झालंय. पोळी दहा रुपयांना, आणि चांगली असते, घडीची. मिस्टर म्हणतात, घरात गहू असताना पोळी विकत आणायची म्हणजे अतीच झालं. त्यांनी कागदावर मांडून दाखवलं की घरी केल्याने महिन्याला चार हजार रुपये वाचतात. मला त्यात चूक सापडत नाही, पण पटतही नाही. तुम्ही तपासाल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तपासलं. रोजच्या सोळा पोळ्या धरते. तीस ग्रॅम कणकेची एक, म्हणजे दिवसाला अर्धा किलोला जरा कमी. गहू आणि दळण मिळून किलोला पन्नास रुपये धरले तर चोवीस रुपये. तेल आणि गॅस धरून तीस म्हणू. विकतच्या सोळा पोळ्यांचे एकशेसाठ. फरक रोजचा एकशेतीस, महिन्याचा एकोणचाळीसशे. मिस्टरांचं गणित बरोबर आहे.

आता त्यांनी कोरा सोडलेला रकाना मी भरते. कणीक भिजवायची, मुरू द्यायची, लाटायच्या, भाजायच्या, मग ओट्यावर सांडलेलं पीठ पुसायचं, तवा-पोळपाट धुवायचा. तास जातो. महिन्याचे तीस तास. एकोणचाळीसशेला तिसाने भागा, ताशी एकशेतीस रुपये आले. म्हणजे तुमच्या घरी ताशी एकशेतीस रुपयांचं काम रोज संध्याकाळी होतंय आणि मजुरी कुणी देत नाहीये. केंद्रातली बाई दहा रुपये घेते त्यात गव्हाचा भाग दीड रुपयाचा. बाकी तिचे हात, गॅस, गाळ्याचं भाडं. मिस्टरांना तिचे हात महाग वाटतात, कारण तुमचे फुकट आहेत.

यावर दोन तोडगे आहेत, तुम्हाला आवडेल तो घ्या. एक, पोळ्या घरीच करा, पण वाचलेले एकोणचाळीसशे दर महिन्याच्या एक तारखेला मिस्टरांच्या खात्यातून तुमच्या खात्यात आपोआप जमा होतील असं बँकेला लिहून द्या. बचत झाली म्हणतात ना, मग ती कुठेतरी दिसायला हवी. दोन, ताशी एकशेतीसची ही कमाई त्यांनाच करू द्या. आमच्या खात्यात शिस्त होती, दुकानदाराच्या तोंडच्या वजनावर जायचं नाही, वजन आपल्या हाताने करून बघायचं. आठवडाभर लाटणं त्यांच्या हातात द्या. सुरुवातीला नकाशे होतील, होऊ द्यात.

आणि एक विचारते. हॉटेलात गेल्यावर तंदुरी रोटी मागवताना घरातला गहू त्यांना आठवतो का? एकेक रोटी तीस-चाळीस रुपयांची असते आणि तिला कुणी नावं ठेवत नाही. ज्या पदार्थाला घरातल्या बाईचा हात लागतो तोच विकत आणताना जिवावर येतं, असं माझं निरीक्षण आहे.

पोळी विकत खाणं ही काही कालपरवाची चैनही नाही. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेला एकटा कामगार खानावळीतच जेवायचा, आणि त्या खानावळी बायकाच आपल्या खोल्यांत चालवायच्या. त्यांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून द्यायला प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. पापडाचं घ्या. एके काळी पापड विकत आणणारी सून आळशी ठरायची. १९५९ साली गिरगावातल्या सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले, त्याचं पुढे लिज्जत झालं. आज तुमचे मिस्टर पापड घरी करा म्हणतात का? तिखट, हळद, लोणचं हे सगळं एकेक करून विकतचं झालं. पोळीचा नंबर आत्ता लागलाय एवढंच.

केंद्रातून आणायच्या ठरल्या तर दोन-तीन गोष्टी बघा. पहिल्या दिवशी दहा पोळ्या घरच्या काट्यावर टाका. भाजलेल्या पोळीत पाण्याचं वजन असतं, त्यामुळे तीस ग्रॅम कणकेची पोळी तिसाच्या वरच भरायला हवी. वीस-बावीस भरली तर दहा रुपये जास्त होतात, आणि हे तिला स्पष्ट सांगा, ती पुढच्या वेळी मोठा उंडा घेईल. पोळ्या वर्तमानपत्राच्या कागदात बांधून घेऊ नका, शाई अन्नाला लागते. आपला डबा न्या, आत सुती फडकं घाला. आणि शनिवार-रविवारी घरी करा, म्हणजे सासूबाईंकडून येणारा शेराही निम्मा होईल.

प्रश्न : मी बारावीला आहे. माझी आई पुण्यात भाजी विकते, पहाटे मार्केट यार्डातून माल आणते. लोक तीनशे-चारशेची भाजी घेतात आणि वर कोथिंबीर, मिरची, कढीपत्ता फुकट मागतात. पैसे म्हटलं की काही जण घेतलेली भाजीसुद्धा परत टाकून जातात, आणि त्यातले बरेच चारचाकीतून आलेले असतात. मी आईला म्हणते देऊ नको. आई म्हणते गिऱ्हाईक तुटतं. कोणाचं बरोबर?
— एक मुलगी, पुणे

उत्तर : तू वही-पेन घेऊन बस, आपण आईचा खर्च काढू. कोथिंबिरीचा भाव घाऊक बाजारात शेकड्यावर निघतो, शंभर जुड्यांचे इतके. समज, शेकडा आठशे चालू आहे. म्हणजे जुडी आठ रुपयांना पडली, हमाली-टेम्पो वेगळा. एका जुडीच्या पाच चिमट्या होतात असं धर आणि दिवसाला चाळीस गिऱ्हाइकं. आठ जुड्या फुकट गेल्या, चौसष्ट रुपये. हे स्वस्ताईत. पावसाळ्यात शेतातच कोथिंबीर सडते, तेव्हा जुडी चाळीसला जाते आणि तेवढ्याच चिमट्यांचे तीनशेवीस होतात. गिऱ्हाइकाची सवय मात्र भावाप्रमाणे बदलत नाही. आईच्या एका दिवसाच्या नफ्यातून तीनशेवीस काढून बघ, काय उरतं ते तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल.

ही सवय किती पक्की आहे बघ. मे २०२४ मध्ये मुंबईतल्या एका मुलाने समाजमाध्यमावर लिहिलं की ब्लिंकिट या घरपोच सामान देणाऱ्या ॲपवर कोथिंबिरीचे पैसे लागतात हे बघून आईला धक्काच बसला, तिचं म्हणणं, ही भाजीवर फुकट मिळायला हवी. ती कंपनी लगेच काही भाज्यांबरोबर कोथिंबीर फुकट द्यायला लागली. कंपनीला ते परवडतं, ती जाहिरातीच्या खात्यात टाकते. तुझ्या आईकडे असं खातं नाही.

आता निरीक्षक म्हणून दुसरी बाजूही सांगायला हवी. बाजारात मी काही विक्रेते असे पाहिलेत की कोथिंबीर हसत हसत टाकतात आणि ती आधीच वजनातून काढून घेतलेली असते. टोपलीचं वजन वजा न करता भाजी तोलणं, काटा शून्यावर येण्याच्या आत आकडा सांगणं, अर्ध्या किलोच्या जागी घासून गुळगुळीत झालेला दगड ठेवणं. फुकट मागणारं गिऱ्हाईक चिमटीवर लक्ष ठेवतं, काट्याकडे बघतच नाही. तुझी आई तसं करत नसणार, नाहीतर हा प्रश्न तुला पडलाच नसता. पण इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी करून घ्यावी लागते, ती झाली आहे ना बघ, आणि प्रमाणपत्र गिऱ्हाइकाला दिसेल असं लाव. प्रामाणिक काटा हीसुद्धा गिऱ्हाईक धरून ठेवायची चीज आहे.

कोण बरोबर, तर दोघीही थोड्या थोड्या. एकदम बंद केलं तर गिऱ्हाईक तुटेल, हे आईचं खरं आहे. म्हणून असं कर. कोथिंबीर, चार मिरच्या, आल्याचा तुकडा आणि कढीपत्त्याची काडी अशा छोट्या पुड्या बांध आणि दहा रुपये असं पाटीवर खडूने ठळक लिही. किंमत डोळ्यांसमोर असली की फुकट मागायला जीभ जरा जड होते. दोनशेच्या वर भाजी घेणाऱ्याला पुडी पाच रुपयांत दे. फुकट द्यायचीच झाली तर आईने आपल्या मर्जीने द्यावी, रोज येणाऱ्या आजीला, बाळंतिणीसाठी मेथी-शेपू नेणाऱ्याला.

आणि चारचाकीवाले वाचत असतील तर त्यांनाही सांगते. दहा रुपयांवरून टाकलेल्या भाजीला तुमचा हात लागलेला असतो, टोमॅटो दाबून झालेले असतात. ती भाजी मग संध्याकाळी पडत्या भावाने जाते.

प्रश्न : मोठ्या कपड्यांच्या दुकानात चार हजारांची खरेदी केल्यावर काउंटरवर पिशवीचे बारा रुपये लावले. पिशवीवर त्यांच्याच दुकानाचं नाव. मी बारा रुपये दिले नाहीत, कपडे हातात घेऊन निघालो. बायको आठवडाभर बोलत नव्हती. माझं काय चुकलं?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : काही नाही. पिशवीला पैसे पडतील हे खरेदीच्या आधी, दारातच कळायला हवं. सगळं घेऊन झाल्यावर काउंटरवर अचानक पिशवीचे पैसे लावणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये अशाच एका प्रकरणात म्हटलंय. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क लागत नाही आणि तक्रार ऑनलाइन करता येते, तेव्हा हौस असेल तर लढा. त्यांच्या नावाची पिशवी गावभर मिरवायची असेल तर बारा रुपये त्यांनीच तुम्हाला द्यायला हवेत.

बायकोशी बोलणं सुरू करायला मात्र आयोगाचा उपयोग नाही. जुन्या टेरिकॉटच्या पँटच्या दोन पिशव्या शिंप्याकडून शिवून घ्या, एक गाडीच्या डिकीत टाका. ते कापड फाटता फाटत नाही.

प्रश्न : माझ्या सुनेने ऑनलाइन फडकी मागवली. फरशी पुसायची फडकी! चार फडक्यांचे तीनशे रुपये. आमच्या घरात फडकं कधी विकत आणलेलं नाही. जुना बनियन, जुनं धोतर, साडीचा तुकडा, यावर हयात गेली. कपाटात जुन्या कपड्यांचं गाठोडं पडलंय, तरी हे. सांगा काही तिला.
— एक सासू, मिरज

उत्तर : सुनेला सांगण्याआधी तुम्ही ते गाठोडं सोडा आणि एकेक कपडा पाण्यात बुडवून बघा. धोतर, नऊवारी, जुना बनियन हे सगळं सुती होतं, पाणी प्यायचं. आता घरात जुने होतात ते नायलॉनचे टी-शर्ट, पॉलिएस्टरचे कुर्ते, जॉर्जेटच्या साड्या. त्याने फरशी पुसली तर पाणी इकडचं तिकडे होतं, टिपलं जात नाही. तुमची सवय सुती कापडाच्या काळातली आहे, आणि ते कापड घरातून गेलं. सुनेला हे बोलून दाखवता आलं नसेल, हाताला मात्र कळलं.

तीनशे रुपये जास्तच आहेत, हे तुमचं मान्य. कोपऱ्यावरच्या दुकानात सुती पोचारा याच्या पाव किमतीत मिळतो, आणि तो फाटेपर्यंत वापरता येतो.

गाठोड्याचं काय करायचं? तुमच्याकडे बोहारीण अजून येत असेल तर तिला हाक मारा. ती साडी उजेडासमोर धरते, दोन्ही हातांनी ताणून विरलेली जागा शोधते, आणि शोधल्यावर असा चेहरा करते की आपल्यालाच ओशाळं वाटावं. तिच्याशी घासाघीस सुनेला करू द्या, तुम्ही नुसत्या शेजारी बसा. स्टीलचं पातेलं मिळालं तर ठीक, झाकणासकट मिळालं तर सून हुशार आहे असं समजा. सुती काही निघालं तर तेवढं ठेवून घ्या. जुन्या सुती फडक्यासारखं ताक गाळायला आणि चक्का बांधायला काही नाही, ते कुठल्याही ऑनलाइन दुकानात मिळणार नाही.

प्रश्न : वडील गॅसची नळी बदलू देत नाहीत. नऊ-दहा वर्षं झाली असतील. ‘गळते का? नाही ना? मग झालं’ म्हणतात. एजन्सीकडून तपासणीला माणूस आला तर ‘हे पैसे काढायचे धंदे’ म्हणून दारातूनच घालवतात. स्वभाव काटकसरीचा आहे, घर त्यांनीच उभं केलं, त्यामुळे मला फार बोलता येत नाही. खरंच इतकं गरजेचं आहे का?
— एक मुलगा, लातूर

उत्तर : आहे. हे उत्तर वाचून झालं की मासिक बाजूला ठेवा आणि एजन्सीला फोन करा. बाकीच्या पत्रांत मी दोन्ही पारडी बघत बसले, इथे बघणार नाही.

सुरक्षा नळीचं आयुष्य पाच वर्षांचं. नारिंगी रंगाची, आत तारेची जाळी असलेली ती नळी, तिच्यावर वर्ष छापलेलं असतं. शेगडीच्या उष्णतेने रबर हळूहळू कडक होतं, आणि आधी चिरतं ते दोन्ही टोकांना, जिथे ती नोझलवर चढवलेली असते किंवा वाकलेली असते. बारीक चिरांतून वास येईलच असं नाही, खिडकी उघडी असली तर कळतही नाही. साबणाचा फेस लावून बघा, बुडबुडे आले तर गळती आहे. काडी पेटवून बघू नका, अजूनही असं करणारे लोक आहेत म्हणून लिहिते. बुडबुडे आले नाहीत तरी मुदत संपलेली नळी बदलायचीच.

किंमत दोनशेच्या आत-बाहेर. पाच वर्षांचे अठराशे पंचवीस दिवस होतात, म्हणजे दिवसाला अकरा पैसे. वडील हिशेबी आहेत, त्यांना हा आकडा सांगा. काळजी वाटते वगैरे म्हणू नका, हिशेबी माणसाला काळजीपेक्षा आकडा लवकर पटतो. स्वयंपाकघरात सगळ्यात जास्त वेळ कोण उभं असतं, हेही जमलं तर विचारा. नळीचे पैसे वाचवणारा आणि शेगडीसमोर उभं राहणारा माणूस बहुतेक घरांत एक नसतो.

तपासणीच्या माणसावर त्यांचा जो संशय आहे, तो मात्र अगदीच खोटा म्हणता येत नाही. एजन्सीचं नाव सांगून घरोघर फिरणारे आणि नको ते सुटे भाग गळ्यात मारणारे लोक असतात. म्हणून आलेल्याचं ओळखपत्र बघायचं, एजन्सीच्या नंबरवर फोन करून खात्री करायची, पैसे दिले की पावती घ्यायची. ठरावीक मुदतीने होणारी तपासणी मात्र खरी असते, ती टाळू नका.

वडिलांना यात गोडी लागावी म्हणून त्यांना सिलिंडरचंही काम देऊन टाका. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावरच लिहिलेलं असतं. दोन्ही मिळवून येईल तेवढं वजन भरलं पाहिजे, आणि पोचवायला आलेल्या माणसाकडून ते समोर करून घ्यायचा तुम्हाला हक्क आहे. सिलिंडरच्या मानेजवळच्या पट्टीवर इंग्रजी ए, बी, सी किंवा डी आणि पुढे वर्षाचा आकडा असतो, ती पुढच्या चाचणीची तारीख. ए म्हणजे मार्चअखेर, बी जूनअखेर, सी सप्टेंबर, डी डिसेंबर. बी-२७ लिहिलं असेल तर जून २०२७ पर्यंत ठीक. ती उलटून गेलेला सिलिंडर आत घ्यायचाच नाही. काटकसरी माणसाला एवढं तपासायला मिळालं की नळीचे दोनशे रुपये तो बहुतेक स्वतःच काढून देतो.

गॅसचा वास आलाच तर रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, दिव्याच्या आणि पंख्याच्या बटणांना हात नाही, आणि घराबाहेर येऊन १९०६ ला फोन. चोवीस तास चालू असतो.

नळी बदलून झाली की जुनी नळी टाकण्याआधी वडिलांच्या हातात द्या, त्यांनाच वाकवून चिरा बघू द्या. नंतर ती त्यांनी कशाला तरी म्हणून माळ्यावर ठेवली तर ठेवू द्या. दीड मीटर रबरी नळीचा काय उपयोग ते विचारू नका, ते काहीतरी शोधून काढतील. फक्त गॅसला परत लावणार नाहीत एवढी खात्री करा, आणि त्यासाठी ती मधोमध कापूनच त्यांना द्या.